बटणावरचं बोट काढलं की मोटार बंद का पडते?

या वेळचं पत्र करवीर तालुक्यातून आलं आहे. थोडं आवरतं घेऊन देतो.

"सर, मी एका खासगी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला निदेशिका आहे. नोकरीचं तिसरं वर्ष. वर्गात वीस जण, त्यांत तीन मुली. मागच्या महिन्यात आमची सहा पोरं ऑन द जॉब ट्रेनिंगला शिरोली एमआयडीसीत गेली. चौथ्या दिवशी तिथल्या सुपरवायझरांचा फोन आला, 'मॅडम, पोरं गुणी आहेत, वेळेवर येतात. पण मशीन बंद पडलं की नुसती उभी राहतात. सांगाल ते करतात, न सांगता काही सुचत नाही.' मला फार लागलं हो. प्रॅक्टिकल तर आम्ही रोज घेतो. कृतीतून शिकवा असं सगळे सांगतात, पण म्हणजे नेमकं काय करायचं? प्राचार्य म्हणतात, असले खेळ मांडत बसलात तर अभ्यासक्रम कधी संपणार? सामान म्हणाल तर एक धड मोटार आणि दोन स्टार्टर. आणि खरं सांगायचं तर, एखादा फॉल्ट मलाच सापडला नाही तर वीस पोरांसमोर मी काय करू?"

ताई, त्या सुपरवायझरांवर रागावू नका. तुमच्या वर्गाचं दुखणं त्यांनी एका वाक्यात नेमकं पकडलं आहे. मी बत्तीस वर्षं हाच ट्रेड शिकवला. त्यातली पहिली वीसेक वर्षं माझ्या पोरांबद्दलही मला हेच ऐकावं लागायचं, आणि मी ते पोरांच्या माथी मारून मोकळा व्हायचो. "लक्षच नसतं यांचं" म्हणायचो. लक्ष होतं. मी जे करून घेत होतो तेच कमी पडत होतं.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं : "प्रॅक्टिकल तर आम्ही रोज घेतो." घेता, यात शंका नाही. पण ते कसं होतं ते आठवून बघा. फळ्यावर सर्किट काढलेलं असतं. कुठली वायर कुठल्या टर्मिनलला जाते ते आपण सांगतो. पोरं तशी जोडतात, दिवा लागतो, जर्नलमध्ये आकृती उतरते, आपण सही करतो. लहानपणी आपण पुस्ती गिरवायचो ना, मास्तरांच्या अक्षरावरून पेन्सिल फिरवायची, तसं हे हातांनी पुस्ती गिरवणं झालं. अक्षर वळणदार होतं, पण चार ओळी मनानं लिही म्हटलं की पोर गप्प. दोन तासांच्या त्या प्रॅक्टिकलमध्ये पोरानं स्वतः ठरवलं असं काय होतं? बहुतेक वेळा काहीच नसतं. कारखान्यात मशीन बंद पडतं तेव्हा मात्र पहिली दहा मिनिटं नुसतं ठरवण्याचंच काम असतं. कुठून सुरुवात करू, काय आधी तपासू, काय नको उघडू. त्याची सवय आपण त्यांना दिलेली नसते, म्हणून ती उभी राहतात.

तेव्हा कृतीतून शिकवणं म्हणजे हाताला आणखी काम देणं, असं समजू नका. ठरवायचं काम पोराकडे द्या. बाकी सगळं त्यातून आपोआप येतं. कसं, ते एका उदाहरणानं सांगतो. हेच तुम्ही एखाद्या गुरुवारी करून बघा.

तुमच्याकडच्या दोन स्टार्टरपैकी एक डीओएल (डायरेक्ट ऑन लाइन, म्हणजे मोटार थेट लाइनवर सुरू करणारा) स्टार्टर बोर्डवर मांडा. चोवीस व्होल्टच्या कॉइलचा कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलला वीज मिळाली की ओढला जाऊन सर्किट जोडणारा स्विच, मिळाला तर फारच चांगलं. एक छोटा ट्रान्सफॉर्मर लावून सगळं सर्किट चोवीस व्होल्टवर घ्या आणि मोटारीच्या जागी चोवीस व्होल्टचे तीन दिवे लावा. हिरवं बटण दाबलं की दिवे लागतात, लाल दाबलं की विझतात, इतकं साधं. मग वर्ग भरायच्या आधी एक काम करा. कॉन्टॅक्टरच्या सहायक कॉन्टॅक्टला, म्हणजे १३ आणि १४ नंबरच्या टर्मिनलला, ज्या दोन वायरी येतात त्यातली एक काढा, तिच्या टोकाला टेप लावा आणि पट्टीत आत सरकवून ठेवा. बाहेरून काही कळता कामा नये.

पोरं आली, हिरवं बटण दाबलं, दिवे लागले. बोट काढलं, दिवे गेले. पुन्हा दाबलं, लागले. पुन्हा काढलं, गेले.

"मॅडम, बटण खराब झालंय." हे पहिलं उत्तर येणार, मी लिहून देतो. तुम्ही हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. प्रत्येकाला अर्धा कागद द्या. मीटरला हात लावायच्या आधी तीन गोष्टी लिहायला लावा : दोष कुठे असेल असं वाटतं, तो खरा असेल तर मीटर कुठल्या दोन टोकांना लावणार, आणि मीटर काय दाखवेल. ज्यानं लिहिलं नाही त्याला मीटर नाही. हा नियम कडक ठेवा, कारण एकदा मीटर हातात आला की पोरं दिसेल तिथं टोकं लावत सुटतात. मग काहीतरी 'बीप' होतं, आणि ते का झालं हे कुणालाच सांगता येत नाही.

मग सप्लाय बंद करून मोजू द्या. बटणवाला बटण मोजतो. दाबलं की जोडलं जातं, सोडलं की तुटतं, म्हणजे बटण ठणठणीत आहे. त्याचा अंदाज चुकला. इथं आपल्याला घाई होते. जीभ वळवळते, उत्तर सांगून टाकावंसं वाटतं. सांगू नका. फक्त एवढं विचारा, "बटण दाबल्यावर कॉन्टॅक्टर ओढला जातो, म्हणजे काय काय चांगलं आहे?" मग कुणीतरी मोजायला लागतं. कॉइल चांगली, नाहीतर ओढला गेलाच नसता. लाल बटण चांगलं. ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त करंट गेला की सर्किट तोडणारा, ट्रिप झालेला नाही. हिरवं बटण तर आताच मोजलं. आणि मग एखादं पोर आपल्याशीच पुटपुटतं, "मग बोट काढल्यावर त्याला धरून ठेवणारं कोण?"

ताई, या प्रश्नासाठीच हा सगळा दिवस मांडायचा असतो. होल्डिंग कॉन्टॅक्टची, म्हणजे त्या १३-१४ च्या धरून ठेवणाऱ्या कॉन्टॅक्टची, व्याख्या मी वीस वर्षं वहीत उतरवून घेतली आणि परीक्षेत ती शब्द न शब्द परत आली. पण 'धरून ठेवणारं कोण' हे ज्यानं स्वतः विचारलं, त्याला तो कॉन्टॅक्ट हिरव्या बटणाला समांतर का जोडायचा हे जन्मात विसरता येत नाही. ते सर्किट मग त्याला पाठ करावं लागत नाही, गरज पडेल तेव्हा तो डोक्यातल्या डोक्यात पुन्हा काढतो.

तेवढ्यावर थांबू नका. आपल्या भागातली बहुतेक पोरं शेतकऱ्यांची आहेत. त्यांना विचारा, तुमच्या शिवारात स्टार्टरची पेटी अशी बिघडली की काय करतात? कुणीतरी हसत सांगेल, "बटणात काडी खोचतात की." खोचतातच. मग बोर्डवर तीच काडी खोचायला लावा आणि सप्लाय घालवून परत द्या. दिवे आपोआप लागतात. लाल बटण दाबा, दिवे जातात. बोट काढा, पुन्हा लागतात. आता विचारा, रात्री लाईट गेली, बाप मोटारीपाशी वाकून काहीतरी बघतोय, आणि लाईट आली, तर? वर्ग एकदम शांत होतो. वीज गेली की स्टार्टर सोडून देणारी नो व्होल्ट कॉइल कशासाठी असते हे त्या शांततेत पोरांना कळतं. धड्यातून ते तसं कळलेलं मी कधी पाहिलं नाही.

एक मात्र सांभाळा. हे पहिल्या आठवड्यात करू नका. ज्याला स्क्रू ड्रायव्हर नीट धरता येत नाही त्याच्यापुढे फॉल्ट टाकला तर तो फक्त घाबरेल. आधी तुम्ही एकदा संपूर्ण काम सावकाश करून दाखवा, आणि करताना मनात जे चाललंय ते तोंडानं बोलत राहा : "ही वायर इथं घेतेय, कारण..." त्यानंतर अर्धवट जोडलेला बोर्ड द्या, उरलेला त्यांनी पुरा करायचा. मग कोरा बोर्ड. आणि फॉल्ट त्याच्याही नंतर. पायऱ्या गाळल्या की पोरं गोंधळतात, आणि मग आपणच म्हणतो की कृतियुक्त शिक्षण आपल्याकडे चालत नाही.

आता सामानाचं. एक मोटार आणि दोन स्टार्टर ही अडचण खरी आहे, पण कोल्हापुरात राहून ती तशीच ठेवू नका. उद्यमनगरात आणि तालुक्याच्या बाजारपेठेत रिवाइंडिंगवाल्यांकडे जळक्या मोटारी, फुटक्या पेट्या, काळवंडलेले कॉन्टॅक्ट पडून असतात. प्राचार्यांचं पत्र घेऊन जा, आणि स्वतः जा. मला त्या लोकांनी कधी रिकाम्या हातानं परत पाठवलेलं नाही. शिकवायला चांगल्या मोटारीपेक्षा जळकी मोटार बरी. एकाच फेजची वाइंडिंग (तारेची वेटोळी) शाबूत आणि उरलेल्या दोन काळ्या पडलेल्या दिसल्या, किंवा एकच काळी आणि दोन शाबूत, तर पोरांना विचारा की ही कशी जळाली असेल. एक फेज गेला आणि मोटार दोनच फेजवर ओढत राहिली की नेमक्या कुठल्या वाइंडिंग जळतात, हे ती स्टारमध्ये होती की डेल्टामध्ये (तिन्ही वाइंडिंग आपसांत जोडायच्या या दोन पद्धती) यावर ठरतं. हा असा प्रश्न आहे की तो सोडवायला पोरं जेवणाची सुट्टी विसरतात. हो, खरंच विसरतात.

वीस जणांचे चार-चारचे पाच गट करा. दोन गट स्टार्टरवर, एक जळक्या मोटारीवर, एक घरगुती वायरिंगच्या बोर्डवर, आणि एक गट अंदाजपत्रकावर. एका खोलीच्या वायरिंगला किती मीटर वायर, किती पॉइंट लागतील ते काढायचं आणि बाजारात जाऊन भाव लिहून आणायचे. गटात आणखी एक नियम ठेवा, तो मला फार उपयोगी पडला : ज्याच्या हातात पाना आहे त्यानं ठरवायचं नाही, आणि जो ठरवतो त्यानं पान्याला हात लावायचा नाही. एकाचं तोंड, दुसऱ्याचे हात. तिसरा लिहिणार. चौथा फक्त सप्लायची चावी सांभाळणार. दर अर्ध्या तासानं जागा बदलायच्या. सांगणाऱ्याला नीट सांगावंच लागतं, "ते तिकडचं" म्हणून भागत नाही, कॉन्टॅक्टचा नंबर घ्यावा लागतो. तुमच्या तीन मुलींसाठी तर हा नियम पाळाच. मी बघत आलोय, गटात मुलगी असली की लिहायचं काम तिच्याकडे येतं, कारण तिचं अक्षर चांगलं. दोन वर्षांनी ती सुंदर जर्नल घेऊन बाहेर पडते आणि पाना कधी धरलेलाच नसतो. तिच्यावर हा मोठा अन्याय आहे आणि तो आपल्या डोळ्यांसमोर होतो.

चावीवाल्याबद्दल दोन शब्द सावकाश सांगतो. शिकताना फॉल्ट शोधायचा तो चोवीस व्होल्टवर किंवा सप्लाय बंद केलेल्या सर्किटवर. चारशे पंधरा व्होल्टच्या चालू पेटीत हात घालून शिकवण्यात कसली बहादुरी नाही. बोर्डाच्या मेन स्विचला कुलूप असू द्या. ज्यानं बंद केलं त्याच्याच खिशात चावी राहील, आणि चालूही तोच करील, तेही मोठ्यानं सगळ्यांना सांगून. वर्कशॉपच्या सप्लायला तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की सप्लाय तोडणारा स्विच) आहे का बघा, नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो बसवून घ्या. सप्लाय गेलाय हे तपासायच्या आधी टेस्टर चालू लाईनवर लावून बघायचा, आणि तपासून झाल्यावर पुन्हा एकदा बघायचा. बंद पडलेला टेस्टरही 'लाईट नाही' असंच सांगतो. ही सवय तुमच्या वर्गातून बाहेर पडलेल्या प्रत्येक पोराच्या अंगात भिनलेली असली पाहिजे.

प्राचार्यांची काळजी मला समजते. त्यांना निकाल दाखवावा लागतो. त्यांच्यापुढे वाद घालायला जाऊ नका, तासांचा हिशोब घेऊन जा. आपल्या ट्रेडच्या अभ्यासक्रमाच्या २०२२ पासूनच्या रचनेत वर्षाला १२०० तास आहेत. पहिल्या वर्षाच्या त्या तासांपैकी ८४० प्रात्यक्षिकाचे, २४० थिअरीचे आणि १२० रोजगार कौशल्यांचे. ऑन द जॉब ट्रेनिंगचे १५० तास वेगळे. म्हणजे प्रात्यक्षिकाला वेळ दिलेलाच आहे, तुम्ही नवा मागत नाही. त्याच तासांत गिरवण्याऐवजी शोधणं आणताय, एवढंच. आणखी एक, वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनातही उत्तीर्ण व्हायला प्रात्यक्षिकासारखेच साठ टक्के लागतात. पोरांच्या त्या अर्ध्या कागदांची फाइल करा. अंदाज काय होता, मोजलं काय, चूक कुठं झाली, हे सगळं त्यात तारखेनिशी असतं. मूल्यमापनाचा यापेक्षा खरा पुरावा कुठून आणणार? जर्नल बंद करा असं मी म्हणत नाही, ते तपासलं जातं. पण त्यात दर महिन्याला एक पान पोरानं स्वतः शोधलेल्या फॉल्टचं असू द्या.

आठवड्यातून एकच दुपार मागा. गुरुवार म्हणा. बाकीचे दिवस आहेत तसे चालू द्या. तीन महिन्यांनी प्राचार्यांनाच बोर्डापाशी उभं करा आणि एखाद्या पोराला त्यांच्यासमोर फॉल्ट शोधू द्या. तुम्हाला काही बोलायची गरज पडणार नाही.

ते याला खेळ म्हणत असतील तर एवढं जरूर सांगा की आपल्याच मातीत हा विचार जुना आहे. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेले जे. पी. नाईक १९६४ ते ६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव होते, आणि शाळेत कार्यानुभव हवा असं त्या आयोगानं देशाला सांगितलं. लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये इथं कोल्हापुरातच सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि लहान मुलं करून, बघून, विचारून कशी शिकतात ते वर्षानुवर्षं दाखवलं. पण मला इथं एक खंतही सांगू द्या. त्या कार्यानुभवाचं पुढं बहुतेक शाळांत काय झालं? कागदी फुलं आणि काडेपेटीचं घर. माझ्या मुलीनं केलेली ती फुलं आमच्या कपाटावर कितीतरी वर्षं होती. हात चालले, पण त्या फुलांची गरज कुणाला होती, आणि त्यात मुलीनं स्वतः काय ठरवलं? पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, तिथं आठवी ते दहावीच्या पोरांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम उभा राहिला. त्यातली मला सगळ्यांत मोलाची वाटते ती ही गोष्ट, की पोरांनी केलेली कामं गावाला लागणारी असत. वेल्डिंग, वायरिंग, माती परीक्षण. कुणीतरी त्या कामाची वाट बघत असायचं.

ती वाट बघणारी नजर काय करते, हे मी माझ्या शेवटच्या शेवटच्या बॅचला बघितलं. ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

ऑगस्ट २०१९ चा महापूर. प्रयाग चिखलीकडच्या एका शेतकऱ्याची पाच एचपीची मोटार आठवडाभर पाण्याखाली होती. पूर ओसरल्यावर रिवाइंडिंगवाल्यांकडे रांगा लागल्या होत्या, महिनाभर नंबर लागणार नव्हता. त्यानं ती मोटार टेम्पोत घालून आमच्या शॉपमध्ये आणली आणि म्हणाला, "बघा काय करता येतंय का. जनावरांना पाणी डोक्यावरनं न्यायला लागतंय." पोरांनी ती उघडली. आतून राखाडी गाळ निघाला, अक्षरशः ओंजळीनं. स्वच्छ पाण्यानं धुतली, बेअरिंग काढली. मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजायचं मीटर, लावला, तर काटा शून्यावर.

मग पत्र्याच्या पेटीत शंभर वॉटचे दोन दिवे लावले, वर वाफ जायला भोक ठेवलं, आत थर्मामीटर. दररोज ठरल्या वेळी रीडिंग घ्यायचं आणि भिंतीवरच्या कागदावर टिंब द्यायचं. पहिल्या संध्याकाळी शून्य पूर्णांक दोन मेगाओहम. पोरं खूश. दुसऱ्या दिवशी रीडिंग खाली गेलं. शून्य पूर्णांक एक. ज्या पोरानं पेटी बनवली होती तो रडवेला झाला. "सर, मी जाळली मोटार. उष्णता जास्त झाली." मला कारण माहीत होतं. वाइंडिंग तापली की इन्सुलेशनचा रोध आधी खाली येतो, आतला ओलावा पसरतो, आणि ओलावा बाहेर पडायला लागला की मग वर चढत जातो. एरवी मी लगेच सांगून टाकलं असतं. त्या दिवशी हात खिशात घातले आणि म्हणालो, "पेटीचं तापमान किती होतं ते लिहिलंय ना? मग त्यावरून जळाली का ते सांग." त्यानं वही काढली. साठ अंश. वार्निश जळायला एवढं पुरत नाही, हे त्यानं पुस्तकातून शोधून काढलं. थिअरीचं पुस्तक त्यानं आपण होऊन उघडलं ते पहिल्यांदा त्या दिवशी. चौथ्या दिवसापासून टिंबं वर चढायला लागली, आणि सातव्या दिवशी वीस मेगाओहम. "इन्सुलेशन रेझिस्टन्स किमान एक मेगाओहम असावा" हे वाक्य मी किती बॅचना लिहून दिलं असेल. त्या सात टिंबांत जे होतं ते त्या वाक्यात कधीच नव्हतं.

मोटार बसवायला आम्ही विहिरीवर गेलो. चालू केली, पाणी आलं, पण शेतकरी म्हणाला, "पूर्वीएवढं येईना." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी विहिरीकडे बघत राहिलो. दोन-चार मिनिटं गेली असतील. मग एक मुलगी पंख्याच्या बाजूला वाकली, कव्हरवरचा बाण बघितला आणि म्हणाली, "उलटी फिरतीय. बंद करा, दोन फेज बदलू." स्विच बंद झाला, फ्यूज काढून तिनं स्वतःच्या खिशात घातले, टेस्टरनं तपासलं, दोन वायरी बदलल्या. पाइपातून पाणी असं जोरात आलं की पुढं उभी असलेली दोघं भिजली. ती मुलगी आज एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे.

तुमच्या वर्गालाही असं एखादं वाट बघणारं माणूस शोधून द्या. शेजारची अंगणवाडी असेल, वसतिगृहाचा जिना असेल. तिथं जिन्याचा दिवा खालून लावून वर विझवायची सोय नसेल तर तुमच्या टू-वे स्विचच्या प्रॅक्टिकलला यापेक्षा चांगली जागा नाही. काम तुमच्या देखरेखीखाली, सप्लाय बंद ठेवून, आणि शेवटी तुमची स्वतःची तपासणी. पण पाहणी, आकृती, सामानाची यादी आणि जोडणी त्यांची.

मोबाइलवर सर्किट जोडायची ॲप असतात, ती घरी सरावाला वापरू द्या. तक्ते आणि प्रश्नमंजुषा मी फार केल्या, त्यातून वर्गात हशा पिकतो, पण त्यानं पेटी उघडायचं धाडस येत नाही. त्यावर वेळ घालवू नका असंच मी म्हणेन.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. फॉल्ट तुम्हालाच सापडला नाही तर? तो प्रश्न तुम्ही विचारलात याचं मला फार बरं वाटलं. आपल्याकडे निदेशकाला सगळं येतं असं पोरांना वाटतं, कारण आपण नेहमी आपणच जोडलेलं सर्किट उलगडून दाखवतो. बिघाडापुढे विचार करणारं माणूस कसं दिसतं, हे त्यांनी कधी बघितलेलंच नसतं. तिथं शिरोलीत उभं राहिल्यावर त्यांनी कुणासारखं वागायचं?

म्हणून पहिल्या गुरुवारी होल्डिंगची ती वायर तुम्ही काढू नका. ती दुसऱ्या गुरुवारी. पहिल्या दिवशी शेजारच्या वायरमन ट्रेडच्या सरांना सांगा, की तुम्हाला न सांगता बोर्डवर एक फॉल्ट लपवून ठेवा. मग वीस पोरांसमोर अर्धा कागद घ्या, त्यावर आधी तुमचा अंदाज लिहा, मोठ्यानं वाचा, आणि मग मीटर उचला. अंदाज चुकला तर तो कागदावर खोडू नका, खाली दुसरा लिहा. किती कागद लागले ते मला कळवा.